पहिल्या पानावर जाऊ नका

आमच्या घरात पियानो आहे असं म्हटलं, की ऐकणारी बाई आधी मला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेते. तिचं काही चुकत नाही. पुण्यातलं आमचं घर दोन खोल्यांचं, त्यात शिवणयंत्र आणि देवघर यांच्यामध्ये हा काळा उंच प्राणी उभा. कॅम्पातलं एक कुटुंब कायमचं ऑस्ट्रेलियाला मुलाकडे गेलं, जाताना त्यांनी तो आम्हांला स्वस्तात दिला. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याच्या दोन पट्ट्या खाली गेलेल्या वर यायचं नाव घेत नाहीत. सासूबाई त्याच्यावर भाजी निवडायचं ताट ठेवत नाहीत, एवढीच काय ती त्याची प्रतिष्ठा.

पियानो वाजवते ती माझी मुलगी. सातवीत आहे. लंडनच्या संगीत बोर्डांच्या परीक्षा आपल्याकडे मुंबई-पुण्याला आणि गोव्यालाही होतात, त्यांतल्या दोन ग्रेड तिने दिल्या आहेत. मला स्वतःला एका बोटाने 'सा रे ग म'च्या पुढे काही येत नाही. पण चार वर्षं तिच्या शेजारी स्टुलावर बसून बसून स्वरलिपी वाचता यायला लागली आहे, आणि अर्ध्या ज्ञानाने माणूस काय घोटाळा करतो, ते गेल्या वर्षी कळलं. तेच आज सांगते. अलीकडे तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरी निदान कीबोर्ड तरी आलेला आहे, म्हणून.

तिच्या क्लासचा रिवाज असा, की वर्षातून एकदा कार्यक्रम होतो आणि त्यात प्रत्येक मुलाने एक पीस पुस्तक समोर न ठेवता वाजवायचा. तिच्या मिस मूळच्या मडगावच्या, फार कमी बोलतात. त्यांनी तिच्यासाठी शुमानचा 'हॅपी फार्मर' काढून ठेवला होता. एक पानभर पीस. मला तो अगदीच किरकोळ वाटला. मी म्हटलं, "मिस, तिला 'फ्यूर एलिझे' बसवून द्या ना. सगळ्यांच्या ओळखीचं आहे. टेलिफोनवर 'थांबा' म्हणतात तेव्हासुद्धा वाजतं."

मिस म्हणाल्या, "पहिलं पान येईल तिला. पुढच्या पानांचं काय?"

"सुट्टी आहे. मी घेईन करून," मी म्हणाले. आपण शाळेच्या पोरांकडून कविता पाठ करून घेतो, तेवढ्यावर हा आत्मविश्वास!

सुट्टीभर तिने खरंच मेहनत केली. घरी पीस घडाघडा वाजायला लागला. कार्यक्रमाला सासूबाई, हे, नणंद, सगळे हजर. सुरुवातीचे ते ओळखीचे सूर वाजले आणि मागच्या रांगेतून एक कौतुकाचा आवाजही आला. मी मनातल्या मनात दोन्ही हात जोडले. थोड्या वेळाने नणंद माझ्या कानाशी म्हणाली, "छान मोठं आहे गं." आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण तेव्हा मला उमगलं की आपण हा भाग मघाशीच ऐकला आहे. पोर गोल फिरत होती. पुन्हा ती सुरुवातीची धून आली, आणि तिथे ती थांबली. हात पट्ट्यांवर, आवाज नाही. तिने पहिल्यापासून सुरू केलं. त्याच जागी थांबली. तिसऱ्यांदा सुरू केलं, आणि मग उठली, नमस्कार न करताच आत गेली.

रिक्षात ती माझ्या शेजारी बसली नाही. आजीच्या बाजूला सरकून बसली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने पियानोवर जुनी चादर घातली, ती दोन महिने निघाली नाही.

मी मिसकडे गेले. 'मी सांगितलं होतं' असं त्या एका शब्दाने म्हणाल्या नाहीत. पुस्तक उघडून पेन्सिलीने त्यांनी मला दाखवलं. बेथोव्हेनने हा पीस १८१० साली लिहिला आणि तो छापला गेला १८६७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. त्याची बांधणी अशी, की ओळखीची धून येते, मग एक वेगळा भाग, मग पुन्हा तीच धून, मग दुसरा वेगळा भाग, आणि शेवटी पुन्हा तीच धून. म्हणजे दौंड जंक्शनच म्हणायचं. पुण्याहून दौंडपर्यंत रूळ एकच, पुढे गाडी सोलापूरला जाणार की मनमाडला, ते ठाऊक नसेल तर काय होणार? बोटांना फक्त 'आता दौंड आलं' एवढंच माहीत होतं. पहिल्या खेपेला धुनीनंतर उजव्या हाताची नाजूक धावपळ असलेला भाग येतो. दुसऱ्या खेपेला डावा हात खाली एकच सूर ठोकत राहतो आणि वर जड कॉर्ड येतात. (तीन-चार सूर एकदम दाबले की ती कॉर्ड.) पोरीची गाडी दुसऱ्या खेपेलाही पहिल्याच रुळावर गेली.

आणि तो जड भाग तर तिच्या हाताला मुळात झेपतच नव्हता. घरी मी तो 'येतो' म्हणत होते, पण तिथे ती कायम मंद होत असे आणि धून परत आली की पुन्हा वेग पकडत असे. माझ्या कानांना ते भाव घालून वाजवणं वाटलं!

तर पीस अवघड की सोपा हे ठरवायचं कसं? मिसनी सांगितलेलं आणि पुढे वर्षभर मी स्वतः पाहिलेलं, दोन्ही एकत्र करून सांगते.

आपण पाकातल्या लाडवांची कृती वाचतो, तेव्हा साहित्य दोन ओळींत संपतं. रवा, साखर, तूप, खोबरं, वेलदोडा. नवी मुलगी म्हणते, "एवढंच?" सगळा जीव त्या पाकात असतो हे तिला लाडू दगड झाल्यावर कळतं. पीसचंही तसंच. तो किती अवघड हे पहिल्या ओळीवरून ठरत नाही, त्यातल्या सगळ्यांत वाईट चार बारांवरून ठरतं. (दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे बार.) त्या चार बारांत मूल ज्या वेगाने जाऊ शकेल, तोच अख्ख्या पीसचा वेग. म्हणून हल्ली आमच्याकडे नवा पीस आला की आधी मधली पानं उघडतो. सर्वांत भयंकर दिसणारी ओळ शोधायची, आधी एकेका हाताने आणि मग दोन्ही हातांनी अगदी सावकाश वाजवून बघायची. आठ दिवसांत ती ओळ सावकाशसुद्धा जुळली नाही, तर पुस्तक मिटून कपाटात. पुढच्या वर्षी बघू.

'भयंकर दिसणारी' म्हटलं खरं, पण दिसण्यावर फार जाऊ नये. बाखचा सी मेजरमधला प्रेल्यूड आहे, 'वेल-टेम्पर्ड क्लाविअर'च्या पहिल्या भागातला पहिला, १७२२चा. पान नुसतं मुंग्यांनी भरल्यासारखं दिसतं. पण नीट बघितलं तर प्रत्येक बारात आठ सूर आहेत आणि तेच लगेच पुन्हा एकदा आहेत. शेवटचे दोन-तीन बार सोडले तर सबंध पीस असाच. म्हणजे तो दिसतो त्याच्या मानाने पुष्कळ सोपा. उलट शुमानचं 'ट्रॉयमेराय' बघा. अवघे चोवीस बार, चाल संथ, पानावर भरपूर पांढरी जागा. मी म्हटलं, हे तर पोर झोपेत वाजवील. मिस हसल्या. त्यात एकाच वेळी तीन-चार आवाज निरनिराळे चाललेले असतात, त्यांतला एक धरून ठेवायचा, दुसरा सोडायचा, आणि हात चांगला मोठा लागतो.

हाताचं माप हा मुद्दा आपण आया विसरतोच. फ्रॉक शिवताना माप घेतो, इथे नाही. पियानोवर आठ पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी जवळजवळ १९ सेंटिमीटर भरते. अंगठा आणि करंगळी ताणून मुलाला ती गाठता येते का, हे फूटपट्टीने घरी बघता येईल. येत नसेल तर ज्या पिसात असे सूर जोडीने दाबायचे आहेत, तो पीस तिच्यासाठी अवघड, मग ग्रेड काहीही असो. ग्रेडचं पुस्तक उपयोगी आहे, नाही असं नाही. पण ग्रेड हा तयार कपड्यांचा नंबर आहे. तुमच्या मुलीच्या खांद्याला बसेलच असं नाही.

'सावकाश म्हणजे सोपा' हा आणखी एक भ्रम. 'मूनलाइट' सोनाटाचा पहिला भाग (बेथोव्हेनचाच, १८०१) पुष्कळ मुलं हौसेने घेतात, कारण तो संथ आहे आणि तिसरा भाग वादळासारखा. पण पहिल्या भागात उजव्या हाताची करंगळी वर गाणं गात असते आणि त्याच हाताची बाकीची बोटं खाली हलकेच झुलत असतात. एका हाताने कढी ढवळायची आणि त्याच हाताच्या करंगळीने पाळण्याची दोरी ओढायची, असं काहीसं. काळ्या पट्ट्यांची भीतीही उगाच. शोपँ आपल्या शिष्यांना सी मेजरऐवजी बी मेजरचा सप्तक आधी शिकवत असे. त्यात पाचही काळ्या पट्ट्या येतात, पण लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा खाली पांढरीवर, असा हात तिथे नैसर्गिक बसतो.

आणि तो 'हॅपी फार्मर', जो मला किरकोळ वाटला होता! शुमानने आपल्या मुलींसाठी १८४८ साली 'आल्बम फॉर द यंग' केला, त्यातला हा दहावा. त्यात गाणं असतं डाव्या हाताकडे आणि उजवा हात साथ करतो. नेहमीची कामं उलटी वाटलेली. माझ्या मुलीचा डावा हात तेव्हा आळशी होता, म्हणून मिसनी तो निवडला होता. हे मला कार्यक्रम झाल्यावर कळलं.

आता पाठांतर. या बाबतीत खरी गुरू आमच्या घरातच निघाली.

त्या दोन महिन्यांत एकदा सासूबाई म्हणाल्या, "तुझी लेक एकाच दोरीला लोंबत होती बाई. दोरी तुटली." त्यांचे मामा घनपाठी. लहानपणी त्या मामांकडे राहिलेल्या. तिथली मुलं मंत्र सरळ पाठ करून थांबत नसत. क्रमपाठ म्हणजे पहिला शब्द-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. जटापाठात पहिला-दुसरा, मग उलट दुसरा-पहिला, आणि पुन्हा पहिला-दुसरा. प्रत्येक शब्द दोन्ही शेजाऱ्यांना गाठ मारून बांधलेला. मधूनच कुठूनही उचला, सुटत नाही. आपला पाढा आठवून बघा. 'एकोणीस सत्ते किती?' असं कुणी विचारलं, की आपण मनात एकोणीस एके पासून निघतो. माझ्या वर्गातही तेच. कविता चालीवर पाठ केलेलं पोर मध्ये खोकला आला तरी पहिल्या ओळीवर परत जातं.

पियानोत ही चाल बोटांची असते. तोंडपाठ तसं हातपाठ म्हणू या. हातपाठ फार लवकर होतो, आणि झाल्यावर वाटतं की पीस आला. पण हॉलमधला पियानो जरा जड निघाला, स्टूल उंच निघालं, समोर माणसं दिसली, की बोटं बिचकतात. मग डोक्याने सांगावं लागतं पुढे काय ते, आणि डोक्याला कुणी काही शिकवलेलंच नसतं!

दोन महिन्यांनी चादर निघाली ती बाखच्या त्या प्रेल्यूडसाठी. मिसनी तो निवडला आणि मी गप्प बसले. या वेळी पाठांतर बोटांच्या आधी डोक्यातून सुरू झालं. प्रत्येक बारातले सूर एकदम दाबले की एक कॉर्ड होते, म्हणजे पीस म्हणजे पस्तीस कॉर्डची माळ. पहिल्या चार बारांत सूर घरातून निघतात, अंगणात जातात, फाटकाशी थोडे रेंगाळतात आणि चौथ्या बारात घरी परत येतात. हे तिनेच शोधलं, मी नाही. मग सासूबाईंच्या पद्धतीने तुकडे पाडले आणि पेन्सिलीने वर अ, आ, इ, ई लिहिलं. नुसता 'अ' वाजवून थांबायचं नाही. 'अ' आणि 'आ'चा पहिला बार. मग 'अ'चा शेवटचा बार आणि अख्खा 'आ'. जोड पक्का झाल्याशिवाय पुढे नाही. आणि बसवायला सुरुवात शेवटच्या तुकड्यापासून. पहिल्यापासून बसवलं की सुरुवात शंभर वेळा वाजते आणि शेवट दहा वेळा, म्हणून मुलं शेवटाकडे जाताना घाबरतात. उलट केलं की जसजसं पुढे जावं, तसतशी वाट अधिक ओळखीची.

मग आमचा खेळ सुरू झाला. मी पोळ्या लाटता लाटता ओरडायची, "उ!" की तिने तिथून सुरू करायचं. कधी नुसता डावा हात. (हे सर्वांत अवघड. डावा हात एकटा पाठ असणं हीच खरी परीक्षा.) कधी चालू असताना मी मुद्दाम डबा पाडायचा, आणि ती अडखळली तर मागे जायचं नाही, पुढच्या अक्षरावर उडी घ्यायची. ऐकणाऱ्याला चार सूर गळलेले कळत नाहीत. परत मागे गेलेलं मात्र आमच्या नणंदेलासुद्धा कळतं. रात्री झोपण्याआधी पुस्तक उघडून, पियानोला हात न लावता, एकदा मनात वाजवायचं. जिथे मनातलं चित्र पुसट होतं, ती जागा दुसऱ्या दिवशी सकाळी आधी घ्यायची.

यात एक गंमत झाली. घरचं पुस्तक जुन्या बाजारातलं. मिसकडच्या पुस्तकाशी ताडून बघताना आमचा एक बार जास्त निघाला. बावीसाव्या बारानंतर श्वेंके नावाच्या गृहस्थाने एक बार आपल्या पदरचा घातला होता, आणि तो कित्येक जुन्या आवृत्त्यांत तसाच छापला जात राहिला. पाठांतर सुरू करण्याआधी पुस्तक कोणतं ते शिक्षकांना विचारून घ्या, नाहीतर पक्कं पाठ झालेलं विसरायची पाळी येते. ते पाठ करण्याहून कठीण.

पाठ करायलाच हवं का, असंही तुम्ही विचाराल. लंडनच्या बोर्डांच्या ग्रेड परीक्षांत पुस्तक समोर ठेवता येतं, सक्ती नाही. पूर्वी तर पाठ वाजवणं हाच उद्धटपणा समजत. १८३७ साली बर्लिनमध्ये क्लारा वीक, म्हणजे पुढे शुमानची बायको झाली ती, बेथोव्हेन पुस्तकाशिवाय वाजवायला बसली. सतरा-अठरा वर्षांची पोर. तेव्हा बेटिना फॉन आर्निम या त्या काळच्या नामांकित लेखिकेने नाकं मुरडली होती. आणि स्विआतोस्लाव रिख्टरसारखा थोर रशियन वादक उतारवयात, १९८०च्या सुमारापासून, पुस्तक समोर ठेवूनच वाजवू लागला, रंगमंचावर जवळजवळ अंधार आणि एक दिवा पानांवर. मी हे मुद्दाम मुलीला सांगितलं. तिने विचार केला आणि म्हणाली, "पण आई, मला पाठच वाजवायचंय."

या वर्षीच्या कार्यक्रमात तिने प्रेल्यूड वाजवला. एकोणिसाव्या बाराशी क्षणभर तिची मान वर झाली, मला वाटलं झालं आता, आणि माझ्या तोंडून नकळत "उ" निघालं. नणंदेने माझ्याकडे बघितलं. पण पोर तोवर पुढच्या बारात पोचलेली होती. संपल्यावर तिने नमस्कार केला, जरा जास्तच वाकून. रिक्षात आजीच्या आणि माझ्यामध्ये बसली.

परवा मी शाळेतून आले, तर आतून ओळखीचे सूर ऐकू येत होते, पण धून लागेना. दारातून पाहिलं. 'फ्यूर एलिझे'चं पुस्तक तिने स्वतःच कपाटातून काढलं होतं आणि शेवटचं पान उघडून बसली होती. पानाच्या वर पेन्सिलीने 'ओ' लिहिलेलं. मी काही बोलले नाही. पिशवी ठेवली आणि चहाला आधण टाकलं.